बीड जिल्ह्याचे जुने स्थलनिर्देशक नकाशे

बीड जिल्ह्याची भूरचना, जलप्रवाह, वस्त्या व वाटा दाखविणारे भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे. व्यवहारात त्यांना ‘टोपोशीट’ म्हणतात. 1905 नंतर हाती घेतलेल्या नव्या सर्वेक्षणातून एक इंचास एक मैल या प्रमाणावरील (1:63,360) रंगीत नकाशे तयार झाले. दशमान पद्धती आल्यावर 1:50,000 हे प्रमाण रूढ झाले.

मांडणी : 10,693 चौ. किमी. क्षेत्राचा हा जिल्हा मुख्यतः 47 एम, 47 एन, 56 ए व 56 बी या अंशपत्रांत येतो. प्रत्येक अंशपत्राचे 15 मिनिटांचे सोळा भाग असून एक भाग येथे सुमारे 730 चौ. किमी. प्रदेश दाखवितो. 19° उत्तर अक्षवृत्त व 75° 45′ पूर्व रेखावृत्त बीड शहराजवळच छेदतात. त्यामुळे शहराचा सर्व परिसर पाहण्यास 47 एम/12, 47 एम/16, 47 एन/9 व 47 एन/13 ही चारही पत्रे जोडावी लागतात.

वाचन : तपकिरी समोच्च रेषांतून बालाघाटचे पठार व गोदावरीकडील उतार स्पष्ट होतात. बारमाही पाणी निळ्या रंगात, तर कोरडी पात्रे काळ्या रेषांनी दाखवितात. अवर्षणप्रवण बीडसाठी हा भेद फार महत्त्वाचा आहे. जुन्या पत्रांवरील उंची फुटांत असते. जिल्हा समुद्रापासून दूर असला, तरी त्याच्या उंचीचा आधार सरासरी समुद्रसपाटी हाच आहे. 1909 च्या उंची-आधारासाठी मुंबई व कारवारसह द्वीपकल्पाच्या दोन्ही किनाऱ्यांवरील भरतीमापन केंद्रांच्या नोंदी वापरल्या होत्या.

महत्त्व : निजामकालीन नकाशांत बीडसाठी ‘भीर’ आणि अंबाजोगाईसाठी ‘मोमिनाबाद’ ही नावे आढळतात, जुन्या नोंदी शोधताना ती ध्यानात ठेवावीत. सिंदफणेवरील माजलगाव धरण व मांजरेवरील धनेगावचे धरण होण्यापूर्वीची खोरी, तेथील गावे आणि गाडीवाटा या पत्रांत टिकून आहेत. बुडीत क्षेत्राच्या इतिहासासाठी आणि जुने ओढे शोधण्यासाठी ती बहुमोल साधने होत. मात्र त्यांवर गट क्रमांक किंवा शेताच्या हद्दी नसतात. त्यांसाठी भूमी अभिलेख कार्यालयातील गावनकाशेच पाहावे लागतात.