दिनविशेष : ५ ऑक्टोबर १९८५
डॅलसच्या कॉटन बोल मैदानावर ग्रॅम्बलिंग कॉलेजच्या संघाने प्रेअरी व्ह्यूचा २७-७ असा पराभव केला आणि प्रशिक्षक एडी रॉबिन्सन यांच्या खात्यात ३२४वा विजय जमा झाला. अमेरिकी कॉलेज फुटबॉलमधला प्रशिक्षक ‘बेअर’ ब्रायंट यांचा ३२३ विजयांचा विक्रम मागे पडला.

१९४१ मध्ये बॅटन रूजच्या पशुखाद्य गिरणीतले काम सोडून रॉबिन्सन लुइझियानातल्या कृष्णवर्णीयांच्या या कॉलेजात रुजू झाले, तेव्हा वय अवघे २२. मैदानावरचे गवत कापण्यापासून खेळाडूंच्या घोट्यांना पट्ट्या बांधण्यापर्यंत सारे तेच करत. पहिल्या मोसमात पाच पराभव झाले. दुसऱ्यात नऊच्या नऊ सामने जिंकले, तेही प्रतिस्पर्ध्यांना एकही गुण न देता.

कॉलेज त्यांनी कधीच बदलले नाही. १९९७ मध्ये ४०८ विजयांसह ते निवृत्त झाले. त्यांच्या जागी आला त्यांचाच विद्यार्थी, सुपर बोल जिंकलेला डग विल्यम्स.