दोन पंखे, दोन ट्यूब

डोंबिवलीत कुणी बॅटरीवाला सोलर विचारायला गेलं, की दुकानदार आधी विचारतो, "चालवायचं काय काय?" मग पाठकोऱ्या कागदावर यादी सुरू होते. ही यादी उन्हाबरोबर आपल्याकडे आलेली नाही. ती आली भारनियमनातून.

२००५ च्या आसपासची गोष्ट. मुंबई शहरात दिवे लखलखीत, आणि महावितरणच्या हद्दीतल्या ठाणे, कल्याण-डोंबिवलीत वीज जायची वेळ पाठ झालेली. आधी मेणबत्ती, मग चार्जिंगचा दिवा, मग पॅसेजमध्ये इन्व्हर्टर. 'भारनियमन' हा शब्द सरकारी, पण त्यातला 'भार' म्हणजे काय, हे इन्व्हर्टर घेताना घरोघरी कळलं. पंखा ७५ वॉट, ट्यूब चोकसकट ५०. दोन पंखे, दोन ट्यूब मिळून २५०. तीन तास चालवा, झाले ७५० वॉट-तास. इन्व्हर्टर स्वतः खातो ते धरून ९०० च्या घरात.

आता बॅटरी. १२ व्होल्ट गुणिले १५० एएच म्हणजे कागदावर १८०० वॉट-तास. पण शिसं-आम्लाची बॅटरी रोज निम्म्याखाली उतरवली, की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि ती लवकर मरते. फ्रान्समध्ये गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये शिशाचे पत्रे गुंडाळून ही बॅटरी केली, तेव्हापासूनची तिची ही खोड. म्हणून १८०० चे निम्मे, ९००. हिशेब बसला.

सोलरने त्यात भर घातली ती एकाच प्रश्नाची: ऊन नसेल तेव्हा काय? भारनियमनात वीज तीन तासांनी परत यायची. जुलैत ठाण्यावरचा सूर्य चार-चार दिवस येत नाही. तेवढ्या दिवसांची बॅटरी घ्यायची म्हटली तर पॅनेल स्वस्त वाटू लागतात. शहाणा दुकानदार म्हणूनच जुलैसाठी माप घेत नाही. तो आधी पंखे बदलायला सांगतो. बीएलडीसी पंखा ३० वॉट, एलईडी ट्यूब २०. २५० चा भार १०० वर येतो आणि तीच बॅटरी तीनऐवजी सात तास ओढते. (यात दुकानदाराचा धंदा बुडतो, तरी सांगतो, असे दोनच मला भेटले.)

आमच्या सोसायटीने गच्चीवर ग्रिडला जोडलेले पॅनेल बसवले, बॅटरीशिवाय. पहिल्याच मे महिन्यात भर दुपारी वीज गेली आणि लिफ्ट थांबली. वर ऊन रणरणतंय, पॅनेल तापलेत, आणि वीज शून्य. तारेवर काम करणाऱ्या लाइनमनला झटका बसू नये म्हणून ही यंत्रणा ग्रिड गेला की आपोआप बंद होते, हे तेव्हा कळलं. संध्याकाळी सेक्रेटरी बॅटरीची चौकशी करायला दुकानात गेले. दुकानदाराने कागद उलटा केला. "चालवायचं काय काय?"

"लिफ्ट," सेक्रेटरी म्हणाले.

दुकानदाराने ते लिहिलंच नाही. "जिन्यातले दिवे किती आहेत?"