आगमनकाळ : नाताळच्या आधीची तयारी

२५ डिसेंबरचा नाताळ सर्वांना ठाऊक असतो. त्याआधीचा आगमनकाळ मात्र आपल्या मंडळातील बिगर-ख्रिस्ती सभासदांना फारसा परिचित नसतो, म्हणून ही नोंद.

३० नोव्हेंबरला सर्वांत जवळ येणाऱ्या रविवारी आगमनकाळ सुरू होतो आणि त्यात चार रविवार येतात. कॅथलिक चर्चमध्ये या दिवसांत धर्मगुरूंची वस्त्रे जांभळी असतात, तिसऱ्या रविवारी गुलाबी चालतात. ही केवळ येशूजन्माची वाट पाहणे आहे, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात १६ डिसेंबरपर्यंत उपासनेचा भर ख्रिस्ताच्या पुनरागमनावर असतो आणि १७ तारखेपासून तो बेथलेहेमकडे वळतो. ख्रिस्त पुन्हा येईल व जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करील, ही श्रद्धा चौथ्या शतकातील निकेयाच्या मतांगिकारात नोंदलेली आहे.

मग तयारी कशाची करायची? याचे उत्तर मत्तयाच्या शुभवर्तमानातील २५ व्या अध्यायात आहे. दहा कुमारी दिवे घेऊन वराची वाट पाहतात. वराला उशीर होतो आणि दहाही जणी झोपी जातात. झोपेबद्दल कोणालाच दोष दिलेला नाही, हे वाचताना सहसा निसटते. फरक एवढाच की पाचजणींनी जादा तेल बरोबर घेतलेले असते. मध्यरात्री वर येतो तेव्हा उरलेल्या पाचजणी त्यांच्याकडे तेल मागतात आणि त्यांना नकार मिळतो. हा नकार प्रथम आम्हालाही कठोर वाटला होता. पण आयुष्य बँकेत गेल्यामुळे आम्ही तो असा समजून घेतो : दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहता येते, या तेलाला जामीन चालत नाही. आजीची प्रार्थना नातवाच्या खात्यात जमा होत नाही.

त्याच अध्यायात पुढे धन्याने चाकरांकडे सोपवलेल्या पैशांची कथा आहे. पैसे जमिनीत पुरून ठेवणाऱ्याला धनी सुनावतो की, निदान सावकाराकडे ठेवले असतेस तर व्याज तरी मिळाले असते. (आमच्या पेशाचा शुभवर्तमानात असा उल्लेख आहे, याचे आम्हाला नेहमी कौतुक वाटते.) अध्यायाच्या शेवटी न्यायाचा प्रसंग येतो. तिथे विचारणा होते ती भुकेल्याला अन्न दिले का, परक्याला घरात घेतले का, आजाऱ्याची व बंदिवानाची भेट घेतली का, याची.

तारखेची विचारणा कुठेच नाही. तो दिवस कोणालाच ठाऊक नाही, असे आधीच्या अध्यायात स्पष्ट सांगितले आहे. तरीही माणसे हिशेब मांडत राहिली. अमेरिकेतील विल्यम मिलर या शेतकऱ्याच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस धरला होता. काहींनी शेतातील पिकेही कापली नाहीत. दिवस उलटला आणि मोठी निराशा पदरी आली. त्याच चळवळीतून पुढे १८६३ मध्ये सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट मंडळी संघटित झाली. पुण्यातील औंध रस्त्यावरची स्पायसर संस्था त्यांचीच. ही मंडळीही पुनरागमनाची तारीख सांगत नाही. सध्या मोबाईलवर फिरणाऱ्या तारखांनी घाबरून जाणाऱ्या घरांनी हे लक्षात घ्यावे. पहिल्या शतकातही थेस्सलनीका येथील काही जण कामधंदा न करता फिरू लागले होते. काम करायचे नसेल त्याने जेवूही नये, असे पौलाने त्यांना पत्रातून बजावले.

या प्रतीक्षेला मराठीत जुनी वाट आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यात राचोल येथे छापले गेले. त्याच्या पहिल्या पुराणात जुन्या करारातील कथा येतात, तारणाऱ्याची वाट पाहणाऱ्या लोकांच्या. ख्रिस्तजन्म येतो तो दुसऱ्या पुराणात.

डिसेंबरमध्ये ख्रिस्ती शेजाऱ्यांकडे गेलात आणि गोठ्याच्या देखाव्यातील गव्हाण रिकामी दिसली, तर मूर्ती हरवली असे समजू नये. पुष्कळ घरांत बाळ येशूची मूर्ती २४ च्या रात्रीच ठेवतात.