आगराचे वर्ष आणि तलावाचे पाणी

माजिवड्याच्या नाक्यावर मुंबई-आग्रा महामार्गाला घोडबंदरचा रस्ता मिळतो, आणि तिथून खाडीच्या दिशेला बाळकुम, कोलशेत ही जुनी आगरी-कोळी गावे लागतात. या टापूत आता उंच इमारती आहेत, त्यांच्या आवारात तरणतलाव आहेत. मीठपाण्याचा तलाव ही बाहेरून आलेली नवी सोय समजली जाते. यंत्र बाहेरचे हे खरेच. घरगुती तलावात मिठापासून क्लोरिन काढण्याची पद्धत गेल्या शतकाच्या उत्तरार्धात ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडे रुजली. पण उघड्यावरचे उथळ खारे पाणी ऊन-पावसात कसे वागते, हे या खाडीकाठाला फार आधीपासून ठाऊक होते. ज्या समाजाचे नावच आगरावरून, म्हणजे मिठागरावरून पडले, त्याच्या रोजच्या कामातले ते ज्ञान होते. ठाण्यातल्या तलावाचे पाणी नीट राखायचे तर यंत्राच्या पुस्तिकेआधी आगराचे वर्ष समजून घ्यावे, असे माझे म्हणणे आहे.

मुलुंड-भांडुपपासून भाईंदर-वसईपर्यंतच्या आगरांत काम सुरू होई ते पाऊस सरल्यावर. बांध दुरुस्त करायचे, वाफ्यांचा तळ पायांनी तुडवून घट्ट करायचा, उधाणाच्या भरतीला खाडीचे पाणी आत घ्यायचे, आणि एका वाफ्यातून दुसऱ्यात सरकवत ते उन्हात आटवायचे. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. पाणी आटू लागले की आधी चुना खाली बसतो, मग जिप्सम. मूळच्या जेमतेम दहाव्या हिश्शाइतके पाणी उरले की मीठ धरू लागते आणि पाण्यावर त्याची पातळ साय दिसते. शेवटी उरतात ते मॅग्नेशियमचे कडू क्षार. ते पाणी वेळेवर काढून टाकले नाही तर मीठ कडवट होते आणि सतत ओल धरते. म्हणून पाणी आत घेण्याइतकेच ते कधी बाहेर सोडायचे हे कळणे महत्त्वाचे होते. पाणी गेले की मागे काय उरते, आणि पाण्याबरोबर काय निघून जाते, या दोन प्रश्नांवर सगळा धंदा उभा होता.

मिठाचा इतिहास आपण बहुधा करापुरता वाचतो: १८९०चा मुंबई मीठ कायदा, १९३०मध्ये वडाळ्याच्या मिठागरावर सत्याग्रहींनी केलेली चाल, १९४७मध्ये उठलेला कर. मिठागरातली विद्या त्या कथेत येत नाही. मिठाच्या पाण्यातून वीज सोडून क्लोरिन काढण्याचे कामही या जिल्ह्याला नवे नव्हते. कल्याणजवळ मोहोन्याच्या रेयॉन कारखान्यात ते मोठ्या प्रमाणावर चाले. त्या काळच्या पद्धतीत पारा लागे, आणि काळू-उल्हासच्या गाळात पारा सापडला. तलावाच्या यंत्रातल्या घटात, म्हणजे पाण्यातून वीज सोडणाऱ्या भागात, आज टायटॅनियमच्या पट्ट्या असतात, पारा नसतो; ही सुधारणा मोलाची आहे.

आता तलाव पाहू. त्यात लिटरला तीन ते चार ग्रॅम मीठ असते, म्हणजे समुद्राच्या दहाव्या हिश्शाइतके. विजेने त्याचे क्लोरिन होते, ते आपले काम करून पुन्हा मिठाच्या रूपात येते. म्हणून ‘मीठ एकदा टाकले की झाले’ असे सांगितले जाते. कोरड्या हवेच्या मुलखात ते बरेचसे खरे ठरेल. ठाण्यात वर्षाला सुमारे अडीच मीटर पाऊस पडतो, आणि उघड्या तलावाची सरासरी खोली असते सव्वा मीटरच्या आसपास. म्हणजे तलावावर त्याच्या खोलीच्या दुप्पट पाणी पडते. ते मिसळत आणि काठावरून वाहत गेले, तर भर न घालता पावसाळ्याअखेर मीठ सातव्या हिश्शावर येते. त्याच हिशेबाने पाण्याची क्षारताही धुऊन जाते आणि मग सामू जागेवर राहत नाही. क्लोरिनला उन्हापासून वाचवणारा स्टॅबिलायझरही जातो. म्हणून ऑक्टोबरचे ऊन लागताच क्लोरिन काही तासांत उडते आणि पाणी हिरवे व्हायला लागते. उन्हाळ्यात उलट घडते. पाणी आटते, क्षार उरतात, आणि भर म्हणून बोअरचे किंवा टँकरचे जड पाणी घातले की चुना वाढत जातो. तो घटाच्या पट्ट्यांवर पांढरा थर होऊन बसतो. आगरात मिठाआधी खाली बसतो तोच हा चुना.

यावर म्हणता येईल की आगराला मीठ हवे असते, तलावाला स्वच्छ पाणी. तुलना ओढूनताणून आहे. हेतू वेगळे आहेत हे मान्य. पण पाणी हेतू पाहून वागत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मोजमापाचे यंत्र असताना नजरेच्या विद्येची गरज काय? यंत्र मिठाचा आकडा दाखवते. क्षारता, चुना, स्टॅबिलायझर बहुतेक यंत्रांना दिसत नाहीत. घटात क्लोरिन तयार होताना सामू वर चढत राहतो, आणि सामू साडेसात असताना क्लोरिनचा जवळपास निम्मा भाग जोमाने काम करतो, तर आठ झाला की जेमतेम पाव. तेव्हा क्लोरिनचा आकडा बरोबर असूनही पाणी बिघडू शकते. तिसरे असे की आगरातले कष्ट फार होते. खाऱ्या पाण्याने पायांना भेगा पडत, आणि त्या जगण्याचे गोडवे गाऊ नयेत. ते मला पूर्ण पटते. मात्र कष्ट जाचक होते म्हणून त्यातून घडलेले ज्ञान टाकून देणे, हा त्या माणसांवर दुसरा अन्याय होईल.

या हिशेबाने पावसाळ्यात तलावात मीठ ओतणे व्यर्थ आहे, कारण ते गटारात जाते. आगर जसे जूनमध्ये थांबे तसा घट थांबवावा आणि तेवढे महिने द्रवरूप क्लोरिनवर काढावेत. पाऊस सरला की, नवरात्राच्या सुमारास, आधी खाण्याच्या सोड्याने क्षारता वर आणावी, मग स्टॅबिलायझर, मग शेवटी मीठ. ते मीठ शुद्ध हवे. मिठागराचे जाडे, न धुतलेले मीठ इथे चालत नाही. त्याच्या खड्यांना चिकटून आलेले चुन्याचे आणि मॅग्नेशियमचे क्षार थेट घटाच्या पट्ट्यांवर जाऊन बसतात.