तळटीप : माथेरानची गाडी कोणाची?

मूळ मजकुरात नेरळ–माथेरान गाडीला इंग्रजांची देणगी म्हटले आहे. ते पटण्यासारखे नाही. १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांच्यामुळे माथेरान साहेबलोकांना ठाऊक झाले, हे खरे. पण १९०४ ते १९०७ या काळात रूळ पडले ते मुंबईचे उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशावर, आणि काम उभे केले त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी. कोणी म्हणेल, परवानगी तर सरकारचीच होती. होती, पण नुसत्या परवानगीने गाडी डोंगर चढत नाही. जवळपास २१ किलोमीटरच्या या वाटेवर काही ठिकाणी चढ वीसास एक आहे आणि वळणे इतकी आवळ, की साधे इंजिन तिथे अडायचेच. म्हणून जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीची खास इंजिने आणली. त्यांच्या पुढच्या-मागच्या आसांवर पोकळ नळी बसवलेली असे. ती आडवी सरके आणि तिच्यासोबत चाके वळणाकडे कलत. एवढा जोखमीचा मार्ग खासगी पैशाने पत्करणाऱ्या घराण्याचे नाव मजकुरात नसणे ही मोठी उणीव आहे. पुढे वाफेची जागा डिझेलने घेतली, तरी गाडी चढते ती पीरभॉयांनी आखून घेतलेल्या वळणांवरूनच.