रोमाने-कोंती : साडेचार एकरांचा इतिहास

फ्रान्सच्या पूर्व भागात, बर्गंडी प्रांतात, व्होन-रोमाने नावाचे एक लहानसे खेडे आहे. गावालगतच्या टेकडीच्या उतरणीवर द्राक्षांचा एक मळा असून त्याच्या कडेला ठेंगणी दगडी भिंत व उंच दगडी क्रूस उभा आहे. मळ्याचे क्षेत्र अवघे १.८ हेक्टर, म्हणजे सुमारे साडेचार एकर. वर्षाकाठी येथे जेमतेम पाच-सहा हजार बाटल्या मद्य तयार होते. तरीही रोमाने-कोंती हे नाव जगातील अत्यंत मौल्यवान मद्यांत गणले जाते.

या परिसरातील मळे बाराव्या शतकापासून सें-व्हिवां येथील मठवासीयांकडे होते. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही जमीन मठाकडून खाजगी हाती गेली. इ. स. १७६० मध्ये फ्रेंच राजघराण्यातील कोंतीचा राजपुत्र लुई-फ्रांस्वा याने ती मोठी किंमत देऊन विकत घेतली, आणि येथील मद्य बाजारात न पाठवता आपल्याच पंक्तीसाठी राखून ठेवले. पुढे राज्यक्रांती झाली, त्याच्या पुत्राची मालमत्ता जप्त झाली व १७९४ मध्ये मळ्याचा लिलाव झाला. राजपुत्र गेला, परंतु त्याचे नाव मळ्याला कायमचे चिकटले.

मठ गेला, राजसत्ता गेली, तरी वेलींना त्याची झळ लागली नाही. त्यांची खरी कसोटी पाहिली ती एका क्षुद्र कीटकाने. १८६० नंतरच्या दशकात फिलॉक्सेरा नावाची मुळे शोषणारी कीड अमेरिकेतून दक्षिण फ्रान्समध्ये शिरली आणि १८७८ मध्ये ती बर्गंडीच्या या टेकड्यांपर्यंत पोहोचली. लक्षावधी एकरांवरील मळे वाळून गेले. अमेरिकन रानवेलींची मुळे मात्र या किडीला दाद देत नाहीत, असे आढळून आले. तेव्हा अमेरिकन खुंटावर फ्रेंच वेलीचे कलम करणे हाच टिकाऊ उपाय ठरला. आपल्याकडे नाशिक-सांगलीचे बागाईतदारही अमेरिकन खुंटावर कलमे करतात. तेथे कारण मुख्यतः क्षारयुक्त जमीन व पाण्याची टंचाई हे असते.

बर्गंडीतील शेतकऱ्यांना हा उपाय सहजासहजी पटला नाही. मूळ परके झाल्यावर फळाचा स्वाद तोच कसा राहील, ही त्यांची शंका होती. शिवाय येथील मळे दाबकलमाने जगत आले होते. म्हाताऱ्या वेलीची फांदी वाकवून मातीत पुरावी, तिला मुळे फुटावीत आणि त्यातून नवी वेल उभी राहावी, अशी ती रीत. मळा संपूर्ण उपटून नव्याने लावण्याचा प्रसंगच येत नसे. कलमी वेलीची फांदी अशी पुरली, तर तिला पुन्हा तीच नाजूक मुळे फुटणार व कीड त्यांवर तुटून पडणार. म्हणजे खुंट बदलताच ही जुनी परंपराही संपणार होती.

आजूबाजूचे मळे एकामागून एक कलमी झाले, परंतु रोमाने-कोंतीच्या मालकांनी जुन्या वेली सोडल्या नाहीत. कार्बन डायसल्फाइड हे विषारी व ज्वालाग्राही द्रव्य मोठ्या पिचकाऱ्यांनी जमिनीत सोडून ते किडीला थोपवीत राहिले. हे खर्चाचे व जोखमीचे काम कित्येक दशके चालले. दुसऱ्या महायुद्धात मात्र औषध मिळेना आणि मजूरही मिळेनात. वेली खंगत गेल्या. १९४५ च्या वसंतात कडक हिमाचा तडाखा बसला आणि त्या वर्षी सुमारे ६०० बाटल्याच भरल्या. त्या हंगामानंतर वेली उपटण्यात आल्या. १९४७ मध्ये, याच मालकांच्या ला ताश या शेजारच्या मळ्यातून आणलेल्या वेलींच्या काड्या अमेरिकन खुंटांवर बांधून नवी लागवड झाली. १९४६ ते १९५१ या सहा वर्षांत या नावाची एकही बाटली निघाली नाही. १९५२ च्या हंगामात मद्य पुन्हा तयार झाले.

मुळे बदलली, पण बाकीची शिस्त बदलली नाही. पिनो न्वार ही एकच काळी द्राक्षजात. वेलीवर मोजकेच घड. पूर्ण पक्वता येईपर्यंत थांबण्याची तयारी. हाताने तोडणी व निवड. बरेचसे घड देठांसकटच आंबवले जातात आणि मद्य ओकच्या नव्या पिंपांत मुरते. नव्या वेलींनी जुन्या नावाला उणेपणा आणला नाही. शेतकऱ्यांची शंका अप्रामाणिक नव्हती. परंतु चुनखडीची ती उतरण, जातीची पारख आणि माणसांचा संयम यांचा वाटा त्यांनी कमी धरला होता.

२०१५ मध्ये बर्गंडीच्या या मळ्यांना युनेस्कोने जागतिक वारशात स्थान दिले. ज्या मातीत एकेकाळी वर्षानुवर्षे विष सोडावे लागले, तेथे आता रासायनिक खते व तणनाशके वर्ज्य आहेत आणि नांगर ओढण्यासाठी पुन्हा घोडा आला आहे. जुन्या मुळांसाठी झगडणाऱ्यांचा पराभव झाला खरा. पण त्यांनी राखलेली जमीन व शिस्त पुढच्या पिढीच्या हाती अखंड आली.