तोपेच्या नळीची खोली

दौलताबादच्या चिनी महालाजवळच्या बुरुजावर मेंढा तोप आहे. तिच्या मागच्या टोकाला मेंढ्याचे डोके घडवलेले असून तिच्यावरील कोरीव लेखात औरंगजेब आणि ओतकार मुहम्मद हुसेन अरब यांची नावे आहेत. अशी लांब नळी आतून पोकळ करणे, हेच तोपा घडवण्यातले खरे अवघड काम.

दख्खनच्या ओतकारांनी ते धातू कापून केले नाही. साच्याच्या मधोमध मातीचा गाभा उभा करून त्याभोवती धातूचा रस ओतला जाई. धातू निवल्यावर गाभा फोडून काढत. 1549 मध्ये अहमदनगरला ओतलेली, आता विजापूरला असलेली मलिक-ए-मैदान तोपही ओतीवच. लोखंडी तोपांत पट्ट्या गोलाकार जुळवून त्यांवर तापवलेली कडी चढवीत. दोन्ही रीतींत खोलीला हत्याराची मर्यादा नव्हती. मात्र ओतताना गाभा जरा सरकला, तर नळीची एक बाजू पातळ पडे आणि तोप फुटून गोलंदाजाच्या जिवावर बेतण्याचा धोका असे.

अठराव्या शतकात स्वित्झर्लंडच्या मारिट्झने भरीव तोप ओतून ती कोरण्याचे यंत्र आणले. भोक सरळ आले, पण भोकातला सगळा धातू किसात जाऊ लागला.

धातूत भोक पाडणारे आजचे अॅन्युलर कटर फक्त कडेचे वर्तुळ कापते आणि मधला गाभा अख्खा सोडते. त्यामुळे ताकद कमी लागते. पण गाभा कटरच्या पोकळीत मावला पाहिजे, म्हणून कापाची खोली पोकळीइतकीच राहते. नेहमीची कटरे 25 आणि 50 मिलिमीटर खोलीची असतात.